काळी एकचे तंबोरे आणि काळी पाचच्या मुली

सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावात एक जुनं संगीत मंडळ आहे. त्याच्याकडच्या तंबोऱ्यांच्या एका जोडीचं काय करायचं, या प्रश्नात आमची दोन वर्षं गेली. त्याची ही हकिगत. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी मंडळाच्या कार्यकारिणीत होतो, वर्गाला तबल्याची साथ करत होतो, आणि पुढे ज्या चुका येतील त्यांत माझा वाटा आहे. आपल्या भागात अशी मंडळं बरीच आहेत आणि त्यांच्या कपाटांवर, माळ्यांवर असे तंबोरे पडून आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

पार्श्वभूमी

आमच्या गावाला वाद्य म्हटलं की मिरज. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ती सुरू झाली असं मानतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. संस्थानांची शस्त्रं म्यानात गेल्यावर ते हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. पटवर्धनांच्या संस्थानात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आश्रय होता, त्यांची वाद्यं दुरुस्तीला यायची, आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडायला लागली. आज त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं आहे.

या वाद्यांच्या आजूबाजूला गाणंही तसंच उभं राहिलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले. बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिलं पाऊल १९०५ मध्ये मिरजेत टाकलं. आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. आजारपणात मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली, गुण आला आणि मग ते इथलेच झाले, असं सांगतात. १९३७ मध्ये प्रवासात असताना दक्षिणेतल्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचं निधन झालं. दफन मात्र मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाला त्याच आवारात अजूनही गायक-वादक हजेरी लावतात.

आमच्या मंडळाची तंबोऱ्यांची जोडी याच मिरजेतून आलेली. मंडळाच्या संस्थापक गुरुजींनी ती दोन पिढ्यांपूर्वी करून घेतली होती. तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी), पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, शिंगाची घोडी (जिच्यावरून तारा जातात). वार्षिक उत्सवात तीन रात्री आणि एरवी दर महिन्याच्या गाण्याच्या बैठकीला ही जोडी लागायची. तंबोरे लावायचं काम गुरुजी स्वतः करत. ते गेल्यावर त्यांचे एक शिष्य करत. तेही थकले आणि मग नेमकं कोणाचंच ते काम राहिलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मंडळाच्या सभागृहात पाणी शिरलं. पेट्या आणि सतरंज्या गेल्या. तंबोरे माळ्यावर होते म्हणून पाण्यात बुडाले नाहीत, पण ओल लागून एकाच्या भोपळ्याला चीर गेली आणि दुसऱ्याची तबली बसली. त्यापाठोपाठ करोना आला. मंडळाचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा नव्या शिक्षिकेने मोबाइलवरचा तंबोरा लावला आणि वर्ग चालू झाला. माळ्यावर काय आहे हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढच्या वादात ती सारखी येत राहिली. आमच्या भागात संगीत आटलं असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत. गणपतीत बेंजो पार्टी आणि ढोल-ताशा असतो, जत्रेत हलगी आणि कैताळ कडाडतं, धनगरी ओव्या रात्रभर चालतात. आमच्या गावातल्या पाच-सहा मुलांचा अभंगवाणीचा संच आहे. कीबोर्ड, पखवाज, साइड ऱ्हिदम असा थाट आणि तारखा वर्षभर भरलेल्या. या सगळ्यात लहान झाली ती एकच जागा. चार माणसं बसली आहेत, मागे तंबोरे चालू आहेत आणि गाणारा एका स्वरावर थांबला तरी कोणी चुळबुळत नाही, ती जागा.

अडचण

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या आणि गावातून बाहेर जाऊन उद्योगात नाव कमावलेल्या एका गृहस्थांचा मंडळाला फोन आला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांचे वडील मंडळाचे जुने श्रोते होते. वडिलांच्या नावाने मानांकनाचा शिक्का असलेली नवी कोरी तंबोरा-जोडी द्यायची आणि जुनी जोडी काचेच्या कपाटात, खाली पाटी लावून ठेवायची, अशी त्यांची इच्छा होती.

आता एवढी चांगली देणगी समोर असताना यात अडचण कसली, असं वाटेल. पण कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारलं, "नवी जोडी आली तर लावणार कोण?" कोणीच उत्तर दिलं नाही. सात जणांत आता तंबोरा नीट लावू शकेल असा एकही माणूस राहिला नव्हता. शिक्षिकेला चार तारा मिळवता येत होत्या, पण जवारीला, म्हणजे घोडी घासून आणायच्या झंकाराला, हात लावायची तिची हिंमत नव्हती, आणि हे तिने मोकळेपणाने सांगितलं. चौदा विद्यार्थ्यांपैकी एकानेही खरा तंबोरा मांडीवर घेतला नव्हता.

तेव्हा कुठे प्रश्न नीट दिसायला लागला. वाद्य हवं होतं, पण वाद्यापेक्षा जास्त ते लावणारा कान हवा होता. देणगी वाद्यासाठी होती.

समोरचे पर्याय

चार पर्याय होते आणि प्रत्येकामागे बोलणारा माणूस होता.

काकांची देणगी आहे तशी स्वीकारायची, हा पहिला. कार्यवाहांचा त्याला पाठिंबा होता. नवी जोडी, छान समारंभ, वर्तमानपत्रात फोटो, आणि मंडळाकडे पुन्हा लोकांचं लक्ष. मला यातलं कपाट खुपत होतं. तंबोरा वाजता राहिला नाही की लाकूड मुकं होतं, तारा गंजतात आणि घोडीवर तारेने केलेल्या घळी तशाच राहतात. काचेत ठेवला तर तो दिसेल, ऐकू येणार नाही.

जुनी जोडी मिरजेत देऊन बदल्यात नवी घ्यायची, हा दुसरा. व्यवहार म्हणून हा वाईट नव्हता. जुन्या, मुरलेल्या लाकडाला आणि मोठ्या भोपळ्याला कारागिरांकडे मान आहे, कारण तसे भोपळे आता सहज मिळत नाहीत. तंबोऱ्याचा कडू भोपळा वेलावर पूर्ण पिकून मग महिनोन्‌महिने वाळावा लागतो. तेवढी जमीन आणि तेवढा काळ गुंतवायला शेतकरी तयार होत नाही, ऊस सोडून तर नाहीच. पण संस्थापकांची जोडी विकायची म्हटल्यावर जुने सभासद दुखावले आणि तो पर्याय तिथेच संपला. मला आजही वाटतं की त्याचा विचार थोडा जास्त व्हायला हवा होता.

मोबाइलवरचा तंबोरा चालू ठेवायचा आणि देणगीतून चांगली ध्वनियंत्रणा घ्यायची, हा तिसरा. हा अभंगवाणीच्या मुलांचा आणि शिक्षिकेचाही. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडतो, कारण त्या दिवशी आम्ही ते नीट ऐकून घेतलं नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा काही काल आलेला नाही, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो आपल्याकडे आहे आणि मोठमोठ्या गवयांनी रियाजाला तो वापरला आहे. तो पावसात उतरत नाही. पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सा, एका बोटाने बदलते. वर्गात एक मूल काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गातं, दुसरं काळी पाचमध्ये, शिक्षिका एका क्षणात दोघांना सूर देते. सभागृहातले भोंगे इतके खराब होते की बैठकीला आलेल्या माणसाला शब्द कळत नव्हते. "आधी ऐकू तरी येऊ दे," असं त्यातला एक मुलगा म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

चौथा पर्याय दुरुस्तीचा. मी, गुरुजींचे थकलेले शिष्य (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) आणि आणखी एक ज्येष्ठ सभासद या बाजूला होतो. आमचं म्हणणं असं की जुनी जोडी मिरजेत नेऊन उभी करायची आणि त्याबरोबर चार मुलांना तंबोरा लावायला शिकवायचं.

अण्णांनी त्या बैठकीत जे सांगितलं त्याने पारडं फिरलं. तंबोऱ्याच्या चार तारा: पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा). खर्जाची पितळी तार नीट लागली, जवारी मोकळी असली आणि तारेखालचा सुती दोरा जागेवर बसला की त्या तारेतून न वाजवलेला गंधार (ग) ऐकू यायला लागतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ आंदोलनांच्या पाचपट आंदोलनांचा तो स्वर असतो, म्हणून तो तिथे असतोच, पण कानाला तो शोधायला शिकवावं लागतं. अण्णा म्हणाले, "मोबाइलवर तो ऐकू येत असेल, मला माहीत नाही. पण तिथं तो कोणीतरी लावून दिलेला असतो. पोरानं स्वतः खुंटी पिळून, तारेतला मणका सरकवून, दोरा हलवून तो काढला, की मग गाताना गंधार लावायला त्याला कोणी सांगावं लागत नाही."

खाँसाहेबांच्या बाबतीतही तंबोरा लावण्याच्या चोखंदळपणाच्या गोष्टी आमच्या भागात सांगतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींवर जो अभ्यास केला, त्यात खाँसाहेबांचा सहभाग होता. स्वराची सूक्ष्म जागा मोजायचा खटाटोप या मातीत एकदा होऊन गेला आहे. त्याच मातीतल्या वर्गात एकाही मुलाने खुंटी पिळलेली नसावी, हे मला फार लागलं.

निर्णय

चार विरुद्ध तीन मतांनी दुरुस्ती ठरली. काकांना समजवायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर ते तयार नव्हते. "जुन्या वस्तूवर पैसे घालायचे आणि नाव कुठं दिसणार?" असं त्यांनी सरळ विचारलं, आणि देणगीदाराने असं विचारण्यात गैर काही नाही.

मी त्यांना मिरजेला यायची विनंती केली. सतारमेकर गल्लीतल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही तासभर बसलो. कारागीर वयस्कर होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. जवारी काढणं म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग अगदी अंदाजाने घासत जाणं. तार घोडीवरून सुटताना काही अंतर पृष्ठभागाला हलकी चाटत गेली पाहिजे. जास्त घासलं तर आवाज बसतो, कमी घासलं तर तार कोरडी वाजते. चाचा दोन हात कानसीचे मारायचे, तार चढवायचे, ऐकायचे, तार उतरवायचे. असं वीसेक वेळा. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा घातला आणि बोटाने केसभर पुढे सरकवला. आवाज एकदम उघडला. काका काही बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, "वडील याच आवाजासाठी यायचे का?"

त्यांनी दुरुस्तीचा आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च उचलायचं कबूल केलं. नव्या जोडीला जे लागलं असतं त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत हे बसत होतं. वडिलांचं नाव वाद्यावर न घालता सभागृहाच्या भिंतीवर लावायचं ठरलं.

पहिली चूक: घोडी

वार्षिक उत्सव दोन महिन्यांवर होता आणि कार्यवाहांना तंबोरे उत्सवाला हवे होते. चिरलेल्या भोपळ्याचा तंबोरा चाचांनी उघडला. आतून चिरेवर पट्टी लावण्यासाठी तबली काढावी लागली. चिकटवायला लावलेला सरस वाळायला दिवस द्यावे लागतात आणि पावसाळ्यात ते आणखी लांबतात, हे त्यांनी सांगितलं होतं.

दरम्यान त्यांचा फोन आला. "सर, ही घोडी शिंगाची आहे. झिजलीये, घळी पडल्यात. हिच्यावरच जवारी काढायची म्हटली तर वेळ लागेल. नवी बसवू का?" फोन मी घेतला. कार्यवाह शेजारीच होते, ते म्हणाले, बसवा नवी, वेळेत होऊ दे. मी तसं सांगितलं.

सांबराच्या शिंगाचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. आज कोणी शिंगाची नवी घोडी करून देणार नाही. म्हणजे त्या फोनवर मी अशा गोष्टीला नकार दिला जी पुन्हा मिळणारच नव्हती, आणि ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी चाचांना "तुम्ही काय कराल?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

नवी घोडी सुबक होती. उत्सवात तंबोरा वाजला, पण आवाज पातळ आणि चमकदार. जोडीतल्या दुसऱ्या तंबोऱ्याची जुनी घोडी शाबूत होती. दोघांचा आवाज एकमेकांत मिसळेना. एक भरून यायचा, दुसरा वरून टोचायचा. बाहेरगावचे गायक सौजन्याने काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या रात्री त्यांनी एकच तंबोरा ठेवायला सांगितलं.

उत्सव झाल्यावर आम्ही मिरजेला गेलो. जुनी घोडी सापडली नाही. कारखान्यात रोज ढीगभर तुकडे निघतात. चाचांनी नव्या घोडीवर तीनदा जवारी काढली आणि आवाज बराच जवळ आणला. पुरता नाही.

दुसरी चूक: पट्टी

ही त्याहून मोठी, आणि ती कळायला आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

दुरुस्त जोडी वर्गात आली. चाचा महिन्यातून दोनदा येऊन चार मुलांना तंबोरा लावायला शिकवणार होते. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने तंबोरे चालू केले आणि वर्गाला सा लावायला सांगितलं. चौदापैकी अकरा मुली. तंबोरे पुरुषांचे, काळी एकला बांधलेले. मुली गातात काळी चार-पाचमध्ये.

ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ आंदोलनांचा, काळी पाचचा सुमारे २३३. तीच तार तेवढ्याच लांबीवर तेवढी चढवायची तर तिच्यावरचा ताण जवळपास २.८ पट होतो. तार तुटेल, नाही तुटली तर तबली बसेल. बारीक तारा घातल्या तर ताण कमी होतो, पण मोठ्या भोपळ्यातून येणारा आवाज पोकळ वाटतो. म्हणूनच बायकांचा तंबोरा मुळातच वेगळा घडवतात. भोपळा लहान, दांडी आखूड.

हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. मी स्वतः मुलींच्या साथीला काळी पाचचा लहान तोंडाचा तबला वेगळा बाळगत होतो. दर गुरुवारी तो पिशवीतून काढत होतो. तरी चार महिने चाललेल्या चर्चेत "वर्गात गातं कोण?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. वर्गात शिकवणारी बाई बैठकीत होती, पण तिला आम्ही मोबाइलच्या बाजूची म्हणून धरलं आणि पट्टीबद्दल ती जे म्हणाली ते सोयीचा मुद्दा म्हणून सोडून दिलं.

पुढची गोष्ट लिहिताना जड जातं. पहिले काही आठवडे आम्ही मुलींना खाली गायला सांगितलं. जुनी जोडी एवढ्या कष्टाने उभी केली आहे तर तिच्यावर गाणं झालं पाहिजे, असा हट्ट. मुलींचे आवाज खर्जात दबायला लागले, गंधाराच्या खाली सूर धरता येईना. एका मुलीचा घसा बसला आणि तिच्या आईने तिला वर्गातून काढलं. ती परत आली नाही. शिक्षिकेने शेवटी स्पष्ट सांगितलं की यापुढे मी मुलींना या तंबोऱ्यांवर गाऊ देणार नाही. हे तिने पहिल्या दिवशीच म्हणावं असं वातावरण आम्ही ठेवलं नव्हतं.

नंतर काय केलं

मुलींच्या वर्गाला मोबाइलचा तंबोरा परत आला. जुनी जोडी तीन मुलांसाठी, बैठकीसाठी आणि लावायला शिकण्यासाठी ठेवली. खुंटी कशी पिळायची, ती निसटते तेव्हा खडू कसा लावायचा, मणका किती सरकवायचा, मालकंस रागाला पहिली तार मध्यमाला आणि मारव्याला निषादाला का लावायची, हे शिकायला पट्टीचा अडथळा नव्हता. लावायला शिकणाऱ्या चौघांत तीन मुलीच होत्या, आणि त्यांचा कान सगळ्यांत आधी तयार झाला.

मग बायकांचा तंबोरा शोधायला लागलो. देखभालीसाठी ठेवलेल्या रकमेतला काही भाग त्याकडे वळवायचा होता. काकांना विचारलं. ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं? मी तेच दिलं असतं." नवा करून घ्यायचा विचार होता, पण चाचांनीच एक वापरलेला दाखवला. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचा, तीस-चाळीस वर्षं जुना, सुस्थितीतला. आवाज गोड आणि आखीव. या वेळी तो घेण्याआधी तीन मुलींना मिरजेला नेलं आणि त्यांनी तिथेच गाऊन पाहिलं. घोडीला हात लावायचा नाही, असं मीच आधी सांगितलं. चाचा हसले आणि फक्त तारा बदलल्या.

अभंगवाणीची मुलं त्या मतदानानंतर सहा-सात महिने मंडळाकडे फिरकली नव्हती. ध्वनियंत्रणेचा त्यांचा मुद्दा आम्ही परंपरेच्या नावाखाली उडवून लावला, असं त्यांना वाटलं. ते खरंच होतं. बायकांचा तंबोरा आल्यावर अण्णा स्वतः त्यांच्यातल्या एकाच्या घरी गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पुढच्या बैठकीला मुलं त्यांचे दोन स्पीकर आणि मिक्सर घेऊन आली. तंबोऱ्यासमोर माइक कुठे ठेवायचा यावर त्यांनी अर्धा तास घालवला. भोपळ्याच्या अगदी समोर ठेवला तर आवाज गढूळ येतो, घोडीच्या बाजूला थोडा लांब ठेवला तर तारेचा झंकार येतो, हे त्यांनी ऐकून ऐकून शोधलं. ते तसं मन लावून ऐकताना बघून मला बैठकीतली आमची घाई आठवली.

आजची स्थिती

जुन्या जोडीतला एक तंबोरा उत्तम बोलतो. दुसरा बरा आहे. मासिक बैठक नियमित होते. तीस-पस्तीस माणसं येतात, पूर्वीइतकी नाहीत, पण करोनानंतरच्या दिवसांपेक्षा खूप जास्त. लावायला शिकलेल्या चौघांपैकी एक शिक्षणासाठी बाहेर गेला, एकीचा रस संपला, दोघी टिकल्या आहेत. त्यातली एक आता दोरा बसवते आणि तिला स्वयंभू गंधार ऐकू येतो. मला मात्र तो दर वेळी ऐकू येत नाही.

मिरजेतलं चित्र मात्र फारसं बदललेलं नाही. मानांकनामुळे "मिरजेचा तंबोरा" हे नाव सुरक्षित झालं आणि बाहेरची चौकशी वाढली, असं चाचा सांगतात. त्यांच्या घरातली पुढची पिढी कारखान्यात बसायला तयार आहे का, हे विचारलं की ते विषय बदलतात. एका जोडीच्या दुरुस्तीने त्यांचं घर काही चालत नाही. पण आता वर्षाकाठी दोनदा येऊन मुलांना शिकवायचं मानधन आम्ही देखभालीच्या खर्चात कायमचं धरलं आहे, आणि ते त्यांना वाद्याच्या मजुरीइतकंच महत्त्वाचं वाटतं असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात वर्गातून करेन. कोण गातं, कोणत्या पट्टीत गातं, आठवड्यात किती तास गातं, हे एका कागदावर लिहून मग माळ्यावर चढेन. तो कागद असता तर पहिली दुरुस्ती कदाचित एकाच तंबोऱ्याची झाली असती, उरलेल्या पैशांत बायकांचा तंबोरा आला असता आणि ती मुलगी आज वर्गात असती.

वाद्य कारागिराकडे देण्याआधी त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवेन, तो कितीही वाईट वाजत असला तरी. आमच्याकडे जुन्या जोडीचं एकही स्वच्छ मुद्रण नव्हतं. म्हणून घोडी बदललेल्या तंबोऱ्याचा मूळ आवाज कसा होता यावर आजही अण्णांचं आणि माझं एकमत नाही. काढलेला प्रत्येक भाग, घोडी, मणके, जुन्या तारासुद्धा, पिशवीत घालून परत मागेन. आणि उत्सवाची तारीख कारागिराला सांगणारच नाही. त्याला तारीख सांगितली की तो आपल्याला सोयीचं उत्तर देतो.

मतदान घेतलं ते मला आता चूक वाटतं. चार-तीनने जिंकून आम्ही तिघांना हरवलं आणि त्यातली एक वर्गाची शिक्षिका होती. तिला आणि त्या मुलांना बरोबर घेऊन आधी मिरजेला गेलो असतो, तर चाचांच्या कारखान्यात काकांना जे ऐकू आलं ते त्यांनाही आलं असतं. आणि पट्टीचा प्रश्न शिक्षिकेने तिथेच, चाचांसमोर, विचारला असता.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. अभंगवाणीच्या मुलांना त्यांच्या कार्यक्रमांसाठी जुनी जोडी हवी आहे. टेम्पोतून गावोगाव न्यायची, उघड्या मंडपात, रात्रीच्या दवात. अण्णा म्हणतात, द्या, वाजू दे. मला भोपळ्याची चीर दिसते. कार्यकारिणीच्या पुढच्या महिन्याच्या बैठकीत यावर बोलायचं आहे आणि त्या वेळी तंबोरा लावणाऱ्या दोघी मुलींनाही बोलावलं आहे.